सोने जड का लागते?



हिंगोलीच्या किंवा वसमतच्या बाजारात हळद विकली, हाती चार पैसे आले, की घरात सोन्याची गोष्ट निघतेच. मुलीचे लग्न असते. म्हणून आज आपण सोन्याच्या वजनाविषयी बोलू.

लिटरचे माप तुम्ही रोज पाहता. त्यात पाणी मावते एक किलो. तेच माप ठोस लोखंडाने भरले तर वजन होईल आठ किलोच्या आतबाहेर. तांब्याचे होईल नऊ, चांदीचे साडेदहा, शिशाचे सव्वाअकरा किलो. आणि सोन्याचे? १९ किलो ३०० ग्रॅम! आपले जर्मनचे पातेले ज्या धातूचे, तो तर जेमतेम २ किलो ७०० ग्रॅम भरेल. माप तेच, जागा तीच, पण वजन निराळे. यालाच घनता म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट सोपी आहे.

आता हिचा उपयोग पाहा. "नांगरताना हंडा सापडला, स्वस्तात देतो," असे सांगत भामटे येतात. पहिला मणी खराच देतात, बरं का! सोनारही तो पारखून खरा म्हणतो. मग माणूस हळदीचे पैसे काढतो आणि घरी पितळेची माळ येते. पितळेला सोन्याची झळाळी आणता येते. पण त्याची घनता साडेआठच्या आसपास. ती कशी लपणार?

साडेपस्तीस ग्रॅमची भरीव पाटली घ्या. बारीक काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. पाटली दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला वा कडेला टेकू देऊ नका. २२ कॅरेटची असेल तर काटा सुमारे २ ग्रॅम दाखवील. पितळेची असेल तर ४ च्या वर जाईल. पितळ जास्त जागा अडवते, म्हणून जास्त पाणी सारते. ग्रीक पंडित आर्किमिडीज याने दोन हजार वर्षांपूर्वी हेच तत्त्व सांगितले.

मात्र आत लाख भरलेले मणी, खड्यांचे दागिने यांना ही परीक्षा चालत नाही. नाकातली चमकी तर फारच हलकी. शिवाय टंगस्टन नावाच्या धातूची घनता जवळजवळ सोन्याइतकीच आहे. त्यावर सोन्याचा पत्रा चढवला तर पाणीही फसते. म्हणून हॉलमार्क पाहावा. २२ कॅरेटवर ९१६ असते, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांची खूणही असते. ती मोबाईलवर बीआयएस केअरमध्ये तपासता येते. आता तुम्हाला वाचता येते. दुकानात भिंग मागायला लाजू नका.

आणखी एक. जुना तोळा १२ माशांचा, म्हणजे ११ ग्रॅम ६६ सेंटिग्रॅमचा. आज बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. आजीचे जुन्या मापाचे पाच तोळ्यांचे गोठ मोडायला नेलेत, तर काट्यावर ५० नव्हे, ५८ ग्रॅमच्या वर भरले पाहिजेत.