पाटावरची बोट



आमच्या पुण्यातून कालवा जातो. खडकवासल्याचे धरण 1879 च्या सुमारास पुरे झाले. तिथून निघालेला मुठेचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून हडपसर, लोणीकडे आणि पुढे दौंड-इंदापुराकडे जातो. माझे वडील लोणीच्या बाजूला पाटकरी होते. पाट म्हणजे शेताचे पाणी, एवढेच मी जन्मभर समजत आलो. त्या पाटावर नाव चालवायची म्हटले तर लोक हसतील. आपल्या कालव्याला उतार दिलेला, पाणी सारखे पुढे पळणारे, आणि पाळी संपली की तळ उघडा!

विलायतेतले कालवे निराळे. ते कोळसा, दगड वाहून नेण्यासाठी खणले, तेव्हा पाणी उभेच राहायला हवे. 2023 च्या जूनमध्ये कॉव्हेंट्रीला मुलीकडे गेलो होतो. जावयांनी तीन दिवसांसाठी एक बोट भाड्याने घेतली. त्यातल्या एका दिवसाची ही हकिगत.

बोट कसली, आगगाडीचा डबाच म्हणा ना! लांबी साठ फूट, रुंदी जेमतेम सात. आत चूल, मोरी, बिछाने. मागे उभे राहून सुकाणूचा दांडा धरायचा. दांडा उजवीकडे लोटला की बोट डावीकडे वळते. वेगाची मर्यादा तासाला चार मैल, पण खरे तर माणसाच्या चालीनेच जायचे. काठाला बोट बांधलेली दिसली की आणखी हळू, नाहीतर लाटेच्या ओढीने तिचे खुंटे उपटून येतात.

हा ऑक्सफर्ड कालवा 1790 मध्ये ऑक्सफर्डपर्यंत पोचला. आपल्या कालव्यांसारखाच जमिनीची पातळी धरून वळसे घेत जातो. नेप्टन गावच्या टेकडीवर एक पवनचक्की आहे, ती कधी या बाजूला दिसे, कधी त्या.

त्या गावाशी नऊ लॉकची चढण लागते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला, बोटीच्या मापाचा हौद. बोट आत घ्यायची, खालची दारे लावायची आणि वरच्या झडपा चावीने उचलायच्या. पाणी भरते तशी बोट वर चढते. हे सगळे प्रवाशानेच करायचे. तिथे पाटकरी नसतो. एका भरण्याला सुमारे एक लाख लिटर पाणी, म्हणजे आपले मोठे दहा टँकर! ते माथ्यावरच्या पल्ल्यातून येते आणि त्या पल्ल्याला तलावांतून पुरवावे लागते. पाऊस कमी झाला की लॉकच्या वेळाच बांधून देतात.

चौथ्या लॉकवर चावी माझ्या हाती होती. वरची झडप उचलली, पाणी धो धो आत आले, पण बोट काही चढेना. पलीकडच्या काठावर एक म्हातारी कुत्रा घेऊन उभी होती. तिने काही न बोलता खालच्या दाराकडे काठी दाखवली. खालची झडप मी पुरती बसवलीच नव्हती! वरून येणारे पाणी खालून निघून चालले होते. वरचा पल्ला आखूड. तासभर असेच राहिले असते तर मागून येणाऱ्यांच्या बोटी चिखलात बसल्या असत्या. धावत जाऊन झडप पाडली. मुलगी म्हणाली, “बाबा, पाटकऱ्याच्या मुलाने हे करावं?” मी काय बोलणार! वरच्याने दारे धरताना हयगय केली की टोकाच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो, हे लहानपणी घरात रोज ऐकलेले.

संध्याकाळी चढणीच्या वर थांबलो. काठावर दोन लोखंडी खुंटे हातोडीने ठोकले, पुढचा-मागचा दोर बांधला. दोर फार ताणायचा नाही. पाणी खालीवर होते, त्याला जागा ठेवावी लागते. बैल बांधतानाही आपण तेवढे दावे सैल सोडतोच. अंधारात बोट चालवायची नसते, त्यामुळे जेवणे निवांत झाली.

तिकडे जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. सगळे आडवे झाल्यावर मला राहवेना. चावी आणि बॅटरी घेऊन वाटेने मागे शेवटच्या लॉकपर्यंत गेलो. वडीलही असेच जेवणानंतर कंदील घेऊन चारीच्या तोंडाशी जात, आई रागवायची. चारही झडपा चाचपून पाहिल्या. तीन बसल्या होत्या. चौथी दोन दाते वर होती. ती खाली केली, पाण्याचा आवाज थांबला, आणि परत आलो.