ताटाशेजारचा पेला कोण ठरवणार?

पाहुण्यांच्या जेवणाबद्दल आपण या कार्यक्रमात अनेकदा बोलतो. आज बोलू या ताटाशेजारच्या पेल्याबद्दल.

नाशिक, दिंडोरी, निफाड या भागात कृषी पर्यटनाला येणाऱ्या पाहुण्यांची जेवणं काही बचतगट करतात. पंधरा-वीस जणांचा ग्रुप येतो, द्राक्षाचा मळा बघतो, जवळची वायनरी बघतो आणि दुपारी आपल्या अंगणात जेवायला बसतो. मग त्यातलं कुणीतरी विचारतं, "ताई, तुमच्या या जेवणाबरोबर कोणती वाइन चांगली लागेल?"

इथं बऱ्याच जणी गप्प होतात. काहींना राग येतो, आणि तो साहजिक आहे. दारूनं घराचं काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण अंगण आपलं आहे, जेवण आपलं आहे. आपल्याला माहिती असली, तर तिथं काय चालेल ते आपण ठरवू. नसली, तर पाहुणा ठरवेल.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वाइन ही दारूच आहे. "अहो, तो तर द्राक्षाचा रस," असं कुणी म्हणालं, तर साधा हिशोब सांगा. वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची असते. त्यात साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो. १३ टक्के धरला, तर एका बाटलीत जवळपास ९७ मिलिलिटर मद्यार्क झाला. आता व्हिस्कीची क्वार्टर घ्या. ती १८० मिलिलिटरची आणि ४२.८ टक्क्यांची. त्यात झाला ७७ मिलिलिटर. म्हणजे वाइनची अख्खी बाटली एकट्यानं संपवणारा माणूस क्वार्टरपेक्षा जास्तच प्यायलेला असतो. एका बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले होतात, आणि असा एक पेला म्हणजे ३० मिलिलिटरचे दीड पेग. त्यामुळे गाडी चालवणाऱ्याला, गरोदर बाईला आणि मुलांना "थोडीशी चालते" हे बोलणं आपल्या अंगणात चालू द्यायचं नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय वाइन विकणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. जेवणाच्या दरात धरून वाइन दिली, तरी ती विक्रीच. पाहुण्यांनी स्वतःची बाटली आणली, तरी आपली जागा पिण्याचा अड्डा झाली तर अडचणीत गटच येतो. म्हणून जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. तिथल्या गटांनी सरळ नाही म्हणायचं.

आता चवीकडे येऊ, कारण पाहुण्याचा प्रश्न चवीचा होता. तुम्ही वाइन विकू नका, पण आपल्या जेवणाची पारख तुमच्याइतकी कुणाला नाही.

लोकांना वाटतं, महागडी लाल वाइन म्हणजे मोठा मान. पण आपलं काळ्या मसाल्याचं मटण, शेवभाजी किंवा ठेचा-भाकरी यांच्यापुढे ती फसते. लाल वाइन द्राक्षाच्या सालीसकट आंबवतात, म्हणून तिला तुरटपणा असतो, कच्च्या जांभळासारखा. तिखटानं पोळलेल्या जिभेवर हा तुरटपणा कडू लागतो, आणि मद्यार्कानं तिखटाची आग आणखी भडकते. त्यापेक्षा थंड केलेली, किंचित गोडसर पांढरी वाइन बरी जाते. नाशिकला होणाऱ्या शेनिन ब्लांक द्राक्षाची वाइन पुष्कळदा अशी असते. भरीत, पिठलं, हुरडा अशा सौम्य जेवणालाही हलकी पांढरी चालते. जड लाल वाइन भाजलेल्या, कमी तिखट मांसाबरोबर शोभते. आणि "लाल वाइन थंड करायची नसते" हा नियम थंड देशांतला आहे. एप्रिलच्या उन्हात तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी लागते.

एवढं सांगता आलं, की पाहुण्याला कळतं, ही बाई जाणकार आहे. ती "नाही" म्हणाली, तरी अडाणीपणानं म्हणत नाही.

पण खरी परीक्षा पुढे आहे. वीस जणांच्या पंगतीत वाइन पिणारे असतील पाच. बाकीच्यांत आजी असते, मुलं असतात, उपवास असलेली असते, औषध चालू असलेला असतो, गाडीचा ड्रायव्हर असतो. पाच जणांच्या पेल्याची चर्चा होते आणि पंधरा जणांपुढे नुसतं पाणी येतं. पंगत खूश करायची, तर आधी सगळ्यांना चालेल असं पेय चांगलं करा.

त्यात आपला मठ्ठा पहिला. मिरचीची आग पाण्यानं विझत नाही, दूध-दह्यानं विझते, कारण दुधातली प्रथिनं तिखटाचा अंश जिभेवरून काढून नेतात. तीन लिटर दह्यात नऊ लिटर पाणी घातलं, की बारा लिटर मठ्ठा होतो. दोनशे मिलिलिटरचे साठ पेले. चाळीस माणसांना दीड-दीड पेला पुरतो. आलं, जिरं, कोथिंबीर घाला, मीठ वाढायच्या थोडं आधी घाला, आणि पाणी उकळून गार केलेलंच वापरा. दही न चालणाऱ्यांसाठी दुसरं पेय ठेवा. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं, एरवी कोकम सरबत. नाशिककडे फेब्रुवारी-मार्चमध्ये ताज्या द्राक्षांचा रस करा. मळा बघून आलेल्या पाहुण्यांना त्याच मळ्याची चव मिळते, आणि ती लहान मुलांनाही देता येते. मात्र हा रस त्या त्या दिवशीच काढा आणि गार ठेवा. उन्हात राहिला, की तो आंबायला लागतो.

शेवटची गोष्ट बुकिंगची. पाहुणे ताटावर बसल्यावर नियम सांगायला गेलं, की वाद होतो आणि जेवणाची मजा जाते. फोनवर बुकिंग घेतानाच चार प्रश्न विचारा. माणसं किती, मुलं किती, तिखट कसं हवं, कुणाला काही वर्ज्य आहे का? आणि पाचवं वाक्य तुमचं, "आमच्याकडे दारू दिली जात नाही आणि अंगणात पिऊ दिली जात नाही. जेवणाबरोबर मठ्ठा, सरबत आणि द्राक्षाचा रस मिळेल." हे वाक्य दरपत्रकावरही छापा.

तुमच्या गटाचा नियम काय असावा, हे तुमच्याच बैठकीत ठरू द्या. ज्या मैत्रिणीच्या घरी दारूचा त्रास आहे, तिला त्या बैठकीत आधी बोलू द्या. ठराव वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. मग पाहुणा कितीही मोठा असो, वाढणाऱ्या एकटीला त्याच्याशी हुज्जत घालावी लागणार नाही. तिच्यामागे अख्खा गट उभा असेल.