कानाने वाचलेले



आम्ही पुस्तकाआधी कानाने शिकलो. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले लोककवी वामनदादा कर्डक स्वतः मोठेपणी अक्षरे शिकले. त्यांची गाणी आमच्या निरक्षर मायला कॅसेटवरून तोंडपाठ होती. आता मोबाईलवर कविता, नाटकंही ऐकायला मिळतात. पण साच्यांच्या खडखडाटात आमचे कान निम्मे गेले. कविता दोनदा लावली की उमगते; नाटकात दोघे एकदम बोलले की सगळा घोटाळा. (लेक हसते, हसू द्या.)

वामनदादा २००४ साली गेले. त्यांची गाणी ओव्यांसारखी गाणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या बायांचे आवाज कुणी भरून ठेवलेत? येत्या रविवारी दोन आजी विहारात गायला कबूल झाल्यात. फोन चार्ज करून आणा. पंखा तेवढा बंद ठेवू.