घराशेजारी वाढायला जागा

आमच्या हिंडलगा गावात मुलाचं लग्न ठरलं की आधी परसाकडे नजर जाते. एक खोली काढता येईल का? हाच प्रश्न वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी शहराच्या घरांसाठी विचारला. १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला, सिडको या सरकारी महामंडळासाठी, त्यांनी कमी उंचीची वसाहत उभारली. आज ती आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ओळखली जाते.

तिथं ८ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती सात घरं. प्रत्येकाचा भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचा, म्हणजे गरीब-श्रीमंतात फार अंतर नाही. आणि खरी मेख भिंतीत आहे. शेजाऱ्याशी सामाईक भिंतच नाही! त्यामुळं शेजाऱ्याला न विचारता, गावातल्या गवंड्याकडून खोली वाढवता येते. वसाहतीच्या मधोमध ओढा ठेवला, पावसाचं पाणी तो वाहून नेतो.

पुढं अनेकांनी कौलं उतरवून स्लॅब टाकले, मजले चढवले. काहींना ते खटकतं. मला मात्र त्यात घर जिवंत असल्याची खूण दिसते. अंगणं अजून आहेत. आपल्याकडे नवे प्लॉट पडताना निदान ओढा बुजवू नये, एवढं तरी मागूया.