आपला ग्रुप आणि बेचाळिसावं दार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुम्ही जुने सभासद. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटं बोला." मी म्हटलं, "अहो, ग्रुपबद्दल सगळ्यात जास्त कुरकुर करणारा माणूस मीच." ते म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बोला."

आपण 2000 साली इथे राहायला आलो. दोन विंग, सात मजले, बेचाळीस बिऱ्हाडं. वर्तकनगरचा नाका आजच्याइतका गजबजलेला नव्हता. संध्याकाळी उपवनला पायी फिरायला जायचं, परत येताना भाजी घ्यायची, हा बऱ्याच जणांचा शिरस्ता होता. निरोप द्यायचा तर खाली नोटीस बोर्ड होता आणि तो कोणी वाचत नसे. खरे निरोप जिन्यात चालायचे.

त्या काळातली एक गोष्ट सांगतो. 26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी तेव्हा फोर्टच्या शाखेत होतो. गाड्या बंद, मोबाईल लागेना, घरचा फोनही मुका झालेला. रात्र बँकेतच टेबलावर काढली. दुसऱ्या दिवशी थोडं चालत, थोडं टेम्पोतून, मुलुंड चेकनाक्यापासून पुन्हा चालत संध्याकाळी घरी पोचलो. तेव्हा कळलं, की आमच्या समोरच्या दारातले गृहस्थ रात्री आणि पहाटे असे दोनदा छत्री घेऊन ठाणे स्टेशनला जाऊन आले होते. मुंबईकडून रुळांवरून चालत येणाऱ्या माणसांत मी दिसतो का, ते बघायला! त्यांची पत्नी रात्रभर आमच्या हिच्यासोबत बसली होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आमचा दिवा जळत राहिलेला त्यांना दिसला, एवढंच.

पुढे 2015 साली मुलांनी ग्रुप काढला. मी नाखुशीनेच सामील झालो. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुठल्या तरी पाल्याचा औषधी काढा, संध्याकाळी पार्किंगवरून भांडण. एकदा रागाने मी ग्रुप सोडलाही होता. तीन दिवसांनी पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना चुकली, अंगाला साबण लावलेला असताना नळ कोरडा पडला आणि मी मुकाट्याने परत आलो.

मग 2020 उजाडलं. 22 मार्चला जनता कर्फ्यू आणि 25 मार्चला, ऐन पाडव्याच्या दिवशी, लॉकडाऊन सुरू झाला. त्या दिवशी ग्रुपवर घरोघरच्या गुढ्यांचे फोटो आले. खरं सांगतो, डोळे भरून आले. भाजीचा टेम्पो फाटकाशी कधी येणार, कोणत्या मजल्याने कधी उतरायचं, कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, कोणाचा सिलिंडर संपला, सगळं तिथे ठरू लागलं. एरवी सभेत तोंड न उघडणाऱ्या गृहिणी तिथे धडाधड लिहीत होत्या आणि मुद्द्याचं लिहीत होत्या. अमेरिकेतल्या मुलीने तिकडून विचारावं, "आईला भाकरी कोणी देईल का?" आणि पाच मिनिटांत तीन घरांतून "हो" यावं! ही मैत्री मी डोळ्यांनी पाहिली. तिला नावं ठेवणार नाही.

रोज रात्री नऊ वाजता सेक्रेटरी विचारायचे, "सगळे ठीक?" मग घरागणिक एक-एक अंगठा. एप्रिलमधली ती रात्र मला आठवते. मी सहज मोजले. एक्केचाळीस अंगठे. म्हटलं, वा, सगळे खुशाल! आणि झोपलो.

मंडळी, मी सदतीस वर्षं बँकेत काढली. काउंटर बंद झाल्यावर रोकड आणि वही जुळवायची, ही आमची रोजची आरती. दहा रुपयांचा फरक असला, तरी शाखेतला एकही माणूस घरी जात नसे. "बाकी सगळं जुळलंय ना" असं कोणी म्हणालंच, तर मी त्याला झापत असे. आणि तो मी, बेचाळिसातले एक्केचाळीस बघून गाढ झोपलो.

बेचाळिसावं दार आमच्या समोरचं होतं. छत्री घेऊन स्टेशनला जाणाऱ्या त्याच गृहस्थांचं. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. फोन बटणांचा, त्यामुळे ग्रुपवर नाव नाही. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तेव्हा त्यांच्या कडीला पिशवी लटकत होती. आदल्या दिवशीही मी ती पाहिली होती. वाटलं होतं, उशिरा उठत असतील. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत कोणाच्या दाराशी जायला भीतीही वाटत होती. आता तिथे दोन पिशव्या होत्या आणि एकीला वास सुटला होता. ही म्हणाली, "अहो, बघताय काय? दार वाजवा."

आतून कण्हण्याचा आवाज आला. त्यांची जादा किल्ली आमच्याकडेच असायची; इतक्या जवळची ती किल्ली! ते स्वयंपाकघरात पडलेले होते. साखर फार उतरली होती. बी विंगमधल्या दोन मुलांनी पावसाळी रेनकोट चढवले, तोंडाला फडकी बांधली आणि त्यांना उचलून खाली आणलं. 108 ची गाडी आली. करोना नव्हताच. अकरा दिवसांनी ते घरी आले. मी भेटायला गेलो, तर दारातूनच म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही सगळे गावी गेलात."

रागाने नाही, साधेपणाने म्हणाले. पण मला अजून ते ऐकू येतं. भिंतीपलीकडे एक्केचाळीस घरं एकमेकांना "काळजी घ्या" म्हणत होती आणि या माणसाला सबंध इमारत रिकामी वाटत होती.

त्या आठवड्यात मी एक वही घातली. प्रत्येक मजल्यावर एक घर ठरवलं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, ज्यांना दिसत नाही, ज्यांना वाचता येत नाही, त्यांचं दार त्या घराने रोज वाजवायचं. फाटकावरचा वॉचमन गावी जाऊ न शकल्यामुळे इथेच अडकला होता, त्याचंही नाव घातलं. रात्री नऊला मी आलेले अंगठे मोजणं सोडलं आणि न आलेले शोधू लागलो.

याचा उपयोग पुढच्या वर्षी झाला. 1 मार्च 2021 पासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. नोंदणी कोविनवर करता येत होती. ओटीपी कोणाला सांगू नका, असं ग्राहकांना बजावत निवृत्त झालेला मी, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला जिन्यातून ओरडून ओटीपी सांगत होतो! एका मोबाईल नंबरावर चौघांची नोंदणी होत असे. माझ्या नंबरावर मी, ही आणि समोरचे गृहस्थ. त्या मुलाने वही समोर ठेवून फोन नसलेल्यांची नावं आधी नोंदवली, आपल्या घरची शेवटी.

तरुण मित्रांनो, ग्रुप तुमचा आहे, तो चालवा. फुलंसुद्धा पाठवा, आता माझी हरकत नाही. पण ग्रुप म्हणजे चेकबुक. खात्यात शिल्लक असेल, तरच चेक वटतो. आणि ती शिल्लक जिन्यात जमते. कोणाला दोन पोळ्या नेऊन देण्यात, कोणाची किल्ली सांभाळण्यात. आज वहीत सहा नावं आहेत. माझे डोळे आता साथ देत नाहीत, म्हणून या समारंभानंतर ती मी तुमच्यापैकी एकाकडे सोपवणार आहे. कोण घेतंय, ते आजच सांगा.

समोरचे गृहस्थ 2023 मध्ये गेले. त्यांनी शेवटपर्यंत स्मार्टफोन घेतला नाही. त्यांचं लसीचं प्रमाणपत्र अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. जागा भरली की फोन सांगतो, हे काढून टाका, ते काढून टाका. ते मी काढलेलं नाही.