तीन पिढ्यांचं टिपण

मुंबई-पुण्याहून आलेले संशोधक आणि जिल्ह्यातल्या माझ्या डॉक्टर मित्रांनो,

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही पाहुण्यांना ऐकवतोच. आज त्याला निमित्तही आहे. भारतीय पार्किन्सन्स रुग्णांची जनुकं तपासणाऱ्या 'गॅप-इंडिया' प्रकल्पातले डॉ. मनू शर्मा जर्मनीत ट्युबिंगेन विद्यापीठात आहेत. १०,००० रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक, असा प्रकल्पाचा संकल्प. त्यात आमच्या जिल्ह्यातल्या सेलू-जिंतूरचे किती, ही माझी काळजी.

मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पोहोचला तो मोजला गेला. आमच्याकडे चाळिशीच्या आतला माणूस सही जुळत नाही म्हणून बँकेतून परत येतो. लिहिता लिहिता अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात हलत नाही. घरचे म्हणतात, 'आळशी झालाय.' त्याच्या आईला विचारा, लग्न नात्यातलं का? 'हो, आत्याच्याच घरी दिलं मला.' इथे डॉक्टरांना पार्किन जनुक आठवायला हवं. जपानी संशोधकांनी ते १९९८ साली शोधलं. त्याची बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडून आली, तर पार्किन्सन्स होतो, तोही बहुधा तरुणपणी. नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते. बहुतेक रुग्णांत मात्र असं एकच जनुक सापडत नाही, हेही सांगून टाकतो. नाहीतर उद्या गावोगावी सोयरिकी मोडायच्या!

मुंबईत डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत घरोघर पाहणी केली. १४,०१० लोकांत पार्किन्सन्सचे ४६ रुग्ण निघाले. तो अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. घरोघर जाणं आमच्या आशाताईंना नवं नाही. आमच्या कृषी विद्यापीठात 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' या ज्वारीच्या वाणांचं कूळ-मूळ लिहिलेलं असतं. माणसांचंही तसं टिपण ठेवा: तीन पिढ्या, कोणाचा हात थरथरला, कितव्या वर्षी. रक्ताची नळी त्यानंतर. आणि ज्याचं रक्त घ्याल, त्याला निकाल समोर बसून मराठीत सांगा. नमुने घेऊन गेलेली माणसं पुन्हा फिरकत नाहीत, असा आमच्या लोकांचा अनुभव आहे.

दुपारी भाकरी, पिठलं आणि ठेचा आहे. ठेचा ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावा. स्वागत समितीतर्फे सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करतो आणि अध्यक्षांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.