घर कोणासाठी सजवायचे?



वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, घर कसे सजवावे यावर चार शब्द बोला." मला हसू आले. मी जन्मभर मुलांना पाढे शिकवले. घर सजवण्यात माझी अक्कल किती चालते, ते आमच्या घरच्यांना विचारा! पण मी एकदा घर बांधले आणि त्यात मोठी चूक केली. ती तुमच्या उपयोगी पडेल, म्हणून उभा राहिलो आहे.

आमचे जुने घर कुडाचे होते. आपल्या मुळशीत कारवीला काय तोटा? कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, बांबूच्या कामट्यांनी बांधायच्या, वरून शेणमातीचा गिलावा द्यायचा. वर कौले, पुढे ओटा. आत मात्र अंधार. चुलीचा धूर घरभर कोंडायचा. आई फुंकणीने जाळ फुंकायची आणि पदराने डोळे पुसायची. तेव्हा जुने घर फार चांगले होते, असे मी म्हणणार नाही. जुने ते सोने म्हणणाऱ्याला एक दिवस त्या चुलीपुढे बसवावे.

पुढे मी रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकला. आपल्या तालुक्यात पुष्कळांनी विकला. हातात पैसे आले. जुने घर पाडले आणि स्लॅबचे घर बांधले. पुढे मोठी बैठकीची खोली. गुळगुळीत फरशी. सोफा. काचेचे कपाट आणि त्यात नव्या कपबशा. त्या कपबशांत चहा मात्र कोणी प्यायचा नाही! वास्तुशांतीला सारा गाव जेवला. लोक म्हणाले, "गुरुजी, बंगला झाला की!" माझी छाती फुगली.

महिना गेला. एक दिवस दुपारी आई दिसेना. शोधले, तर मोरीच्या मागल्या बोळात सापडली. उलट्या घमेल्यावर बसून तांदूळ निवडत होती.

मी म्हटले, "आई, इथं का बसलीस?"

ती म्हणाली, "इथं उजेड हाय, बाबा. आन् कुनाच्या मधी येत न्हाई."

मला रात्रभर झोप लागली नाही. घराच्या पाच खोल्या मी मनात मोजल्या. पाचांत तिची जागा एकही नव्हती. सोफा पाव्हण्यांचा. फरशीवर तिचा पाय घसरे. आणि ओटा मी बांधलाच नव्हता! तीन पायऱ्या आणि थेट दार. पूर्वी ती ओट्यावर बसे. येणारा-जाणारा तिच्याशी बोलून पुढे जाई. मी जुने घर पाडले, त्याबरोबर तिचा शेजारही पाडला.

मला आजीची आठवण झाली. आपल्या खोऱ्यात टाटांचे धरण होऊ लागले, तेव्हा ती पोर होती. १९२१ साली रामनवमीला मावळे धरणाच्या जागी सत्याग्रहाला बसले. पुढे सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. पण धरण झालेच, आणि आजीचे माहेर पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की आजी काठावरून बोट दाखवी. "तितं आमचा ओटा हुता." घर किती खणांचे होते, ते तिने कधी सांगितले नाही. ओटा तेवढा सांगितला.

मग आम्ही काय केले, ते सांगतो.

जोत्याचे दगड उरले होते. त्यांचा दारापुढे ओटा रचला. उंची अशी ठेवली, की बसल्यावर म्हाताऱ्या माणसाचे पाय जमिनीला टेकावेत आणि उठताना गुडघ्याला त्रास होऊ नये. वर मुरूम-माती घालून चोपली आणि शेणाने सारवली. तिथे पाय घसरत नाही. वर कौलांचे पाखे काढले. आपला पाऊस तिरपा येतो, म्हणून पाखे चांगले लांब घेतले.

नंतर स्वयंपाकघर. गॅस आला आहे, तरी आमच्याकडे पावसाळ्यात पाणी चुलीवर तापते. गवंड्याला सांगितले, पूर्वेच्या भिंतीत वरच्या बाजूला विटा सोडून सोडून बसव. अशी जाळी झाली. पश्चिमेला मुळीच नको, पाऊस आत येतो. गरम हवा आणि धूर वर चढतात आणि जाळीतून बाहेर पडतात. खाली दारातून ताजी हवा येते. लॉरी बेकर नावाचे एक वास्तुशिल्पी होते. जन्म इंग्लंडचा, १९१७ सालचा. पण केरळात राहिले आणि २००७ साली तिथेच वारले. त्यांनी विटांच्या जाळ्यांची कितीतरी घरे बांधली. विटा कमी लागतात, वारा-उजेड येतो आणि बाहेरच्याला आतले फारसे दिसत नाही. शिवाय सकाळी जाळीतून ऊन येते, तेव्हा जमिनीवर रांगोळी घातल्यासारखे दिसते. याला पैसा पडत नाही!

स्लॅब उन्हाळ्यात तव्यासारखा तापे. त्यावर चुन्याचे दोन हात दिले. पांढरा रंग ऊन परतवतो. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षी शिमगा झाला की पुन्हा द्यायचा. काम एका सकाळचे आहे.

राहिली शोभा. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या खेड्यात राहायला गेले. आज त्याला सेवाग्राम म्हणतात. तिथली बापू कुटी माती, बांबू आणि कौलांची आहे. मीराबहेन यांनी तिच्या भिंतीवर मातीचीच ताडाची झाडे उठवली आहेत. देशोदेशीचे मोठे लोक तिथे जमिनीवर बसून गेले. मी ती कुटी पाहिली आहे. घरी येऊन नातीला हे सांगितले. तिने गेरू कालवला, त्यात थोडा डिंक घातला म्हणजे रंग हाताला लागत नाही. ओट्यामागच्या पांढऱ्या भिंतीवर तिने भाताची लोंबी काढली, बैल काढले. बैलाला पाच पाय झाले. आईने ते पुसू दिले नाहीत.

आमच्या घरच्यांनीही एक मागणी केली. ओट्याजवळच्या भिंतीत कोनाडा पाहिजे. मला वाटले, दिव्यासाठी असेल. तर म्हणाल्या, "माझ्या चष्म्याला आणि पुस्तकाला." त्याही तुमच्यासारख्याच वर्गाला जाऊन वाचायला शिकल्या. गुरुजींच्या घरात इतकी वर्षे बाईमाणसाच्या पुस्तकाला जागा नव्हती, हे तुमच्यापुढे सांगताना मला लाज वाटते.

आई आता ओट्यावर बसते. काचेच्या कपाटातल्या कपबशा तिने बाहेर काढायला लावल्या. कोणी आले की त्याच कपात चहा मिळतो. दोन फुटल्या. तुम्ही पौडच्या बाजूला आलात, तर जरूर या. अजून चार शिल्लक आहेत.